चौऱ्याण्णव पावलं

रस्त्यात आमच्या घरमालकांना कुणी नमस्कार केला, तर उत्तरात आकडा यायचा. ‘काय काका, कुठं निघालात?’ असं विचारलं की ते थांबायचे नाहीत, मान वळवायचे नाहीत, फक्त ‘तीनशे सोळा’ म्हणायचे आणि पुढे जायचे. नवा माणूस गोंधळून जायचा. मग गल्लीतलं कुणीतरी त्याला समजावायचं, की वेडेबिडे नाहीत, पावलं मोजतात, मधे बोललं की माप चुकतं.

जमीन मोजणीच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. साखळी ओढणारा शिपाई म्हणून लागले आणि मोजणीदार म्हणून रिटायर झाले. जिंतूर, पालम, येलदरीच्या काठची गावं, जिल्ह्यातलं एक शिवार असं नसेल, की ज्याच्या बांधावर त्यांनी दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. एका बड्या शेतकऱ्यानं एकदा बांध फक्त एक पाऊल सरकवायला सांगितला, तर यांनी सरकवला नाही, आणि बदली घेऊन दुसऱ्या तालुक्यात गेले. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली, की तो बांध मला आता डोळे मिटून दिसतो.

एवढ्या वर्षांत पायाला सवय लागलेली. चढ असो, चिखल असो, पाऊल एकाच मापाचं. ‘माझं पाऊल सरकारी हाय,’ असं ते म्हणायचे, आणि म्हणताना असा चेहरा करायचे जणू टाचेवर शिक्का मारलाय. कुणी शंका काढली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: ‘ज्याला पटत न्हाई, त्यानं चालून बगावं.’ कुणी चालून बघायचं नाही. शंका घेणारी माणसं सहसा खुर्चीत बसलेली असतात.

मी बीएस्सी आहे. आमच्या घरातली पहिली. कुणी न विचारताही मी हे सांगते. पालम तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून कॉलेजसाठी परभणीला आले, तेव्हा आईही सोबत आली आणि एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. खोली शोधत आम्ही दोघी आठ दिवस फिरलो. ज्या घरी जावं तिथं पहिला प्रश्न आडनावाचा. आडनाव सांगितलं की खोली त्याच मिनिटाला भाड्यानं गेलेली असायची. एका घरी तर ‘खोली देणे आहे’ ही पाटी आमच्या डोळ्यांदेखत काढली, आणि आम्ही कोपरा वळेपर्यंत परत लावली. आई म्हणाली, ‘वळून बगू नको. पाटीला लाज वाटंल.’

शहराच्या पार कडेला, जिथं वस्ती संपून रिकामे प्लॉट सुरू होतात, तिथं हे काका ओट्यावर बसलेले भेटले. त्यांनी आडनाव विचारलंच नाही.

‘बिडी?’

‘नाही.’

‘गुटखा, खर्रा?’

‘नाही.’

‘मिश्री?’

या प्रश्नाला मी आईकडं बघितलं नाही. माझ्या शिक्षणाचा तेवढा उपयोग झाला. आईच्या कमरेच्या पिशवीत मिश्रीची डबी होती. ती शांतपणे म्हणाली, ‘न्हाई बा.’

खोली मिळाली, आणि स्वस्त मिळाली. का स्वस्त, ते दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. उठले तर जिभेवर जुन्या चावीसारखी चव. दोरीवरच्या ओढणीवर बारीक काळी भुकटी. घराच्या पलीकडं पत्र्याच्या कुंपणात एक भट्टी होती. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि त्यातलं शिसं वितळवायचं. संध्याकाळी पेटवायची, सकाळी विझवायची. त्या सकाळी काकांनी आम्हाला भाड्याच्या बाकीच्या अटी सांगायच्या आधी भट्टीचं अंतर सांगितलं. फाटकापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत चौऱ्याण्णव पावलं. रोज सकाळी ते तेवढं चालून यायचे आणि ओट्यावरून जाहीर करायचे, ‘चौऱ्याण्णव.’ भट्टी काही रात्रीतून सरकणार नव्हती, पण त्यांचा कुणावर विश्वास नव्हता, भट्टीवर तर नाहीच.

त्यांच्या दारामागं एक लॅमिनेट केलेला कागद टांगलेला होता. लोक तिथं देवाचं कॅलेंडर लावतात. आम्ही राहायला यायच्या आदल्या वर्षी त्यांची बायको वारली होती. फुप्फुसाचा कॅन्सर. तिच्यानंतर त्यांनी भट्टीविरुद्ध अर्ज दिला, आणि अर्जावर एक साहेब पाहणीला आले. साहेब आले सकाळी अकरा वाजता. अकराला भट्टी गार असते. साहेबांनी शेठच्या ऑफिसात चहा घेतला, गल्लीत दहा मिनिटं उभे राहिले, ओट्यावर बिडी ओढणारे चार म्हातारे बघितले, आणि लिहिलं, की परिसरातील रहिवाशांमध्ये बिडी, तंबाखू व मिश्रीचे व्यसन दिसून येते, सबब तक्रारीत तथ्य आढळत नाही. दारामागं टांगलेला तो हाच कागद. बायकोच्या केसपेपरवरही ‘तंबाखू: होय’ असंच होतं, कारण ती मिश्री लावायची. मिश्री दाताला लावतात, फुप्फुसाला नाही, हे मला बीएस्सीच्या आधीपासून माहीत होतं. पण कागदावर तंबाखूचा रकाना एकच, आणि त्यात सगळं मावतं.

जाता जाता साहेब हसत म्हणाले होते, ‘काका, बिनव्यसनाचा एक तरी आजारी माणूस दाखवा, मग बघू.’

साहेब म्हणाले ते गाडीत बसायला वाट मिळावी म्हणून. काकांनी मात्र तो हुकूम मानला. सरकारी माणसाला सरकारी थट्टा कळत नाही, हा त्यांचा एक मोठाच दोष होता.

मग त्यांनी गल्ली शुद्ध करायला घेतली. तब्येतीसाठी नाही, पुराव्यासाठी. बिडीवाल्यांना त्यांनी नियम घातला: एक बिडी ओढली की माझ्यासोबत हजार पावलं चालायचं. दोघांनी खरंच बिडी सोडली. त्यांच्यासोबत मुक्यानं हजार पावलं चालण्यापेक्षा ते सोपं होतं. बाकीचे लपून ओढायला लागले, म्हणजे आधी बाहेर जाणारा धूर आता घरात राहायला लागला.

अडचण अशी, की जे निर्व्यसनी होते ते ठणठणीत होते, आणि जे आजारी होते ते बिडीवाले होते. कोपऱ्यावर एक प्राथमिक शाळेचे गुरुजी राहायचे. सुपारीसुद्धा खायचे नाहीत. काका रोज त्यांना मोठ्या आशेनं विचारायचे, ‘गुरुजी, खोकला कसा हाय?’ गुरुजी म्हणायचे, ‘नाही हो, छान आहे.’ काकांचं तोंड उतरायचं. थोड्या दिवसांनी ‘थोडातरी आसंल?’ असं विचारायला लागले. शेवटी गुरुजींनी शाळेला जायचा रस्ता बदलला.

आणि जो खरंच आजारी पडायचा, त्याच्याकडं काका आधी चौकशीला जायचे. आम्हाला वाटायचं, माणुसकी. ते खाटेशेजारी बसून विचारायचे, बिडी किती वर्षं. उत्तर आलं की उठायचे. घरी येऊन वहीत त्याच्या नावापुढं लिहायचे: बाद. एका म्हाताऱ्याला मरायच्या चार दिवस आधी त्यांनी बाद केलं. म्हाताऱ्याच्या सुनेनं ते ऐकलं, आणि आठ दिवस त्यांच्या ओट्यासमोरून जाताना ती थुंकायची. काकांना त्यात गैर काही वाटलं नाही. बांध म्हणजे बांध. वहीत सगळ्यात वरचं नाव त्यांच्या बायकोचं होतं. तिच्याही पुढं ‘बाद’.

त्यांचा नियम आमच्याही घरात शिरला. चूल नको, डासांची अगरबत्ती नको, मिरची तळायची तर दार उघडून, नाहीतर कुणाचा खोकला कशानं ते कळणार नाही. एकदा संध्याकाळी आई बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर वंदना म्हणत होती. मेणबत्ती लावलेली, उदबत्ती लावलेली. काकांनी दारावर टकटक केलं. वंदना संपेपर्यंत थांबले, तेवढी रीत होती त्यांच्याकडं. मग म्हणाले, ‘ताई, मेणबत्ती राहू द्या. उदबत्ती तेवढी नको. पुरावा खराब होतो.’

आईनं खिडकीतून भट्टीच्या चिमणीकडं बोट केलं. ‘मोजणीवाले, त्यो धूर सरकारला दिसंना, आन् तुमाला माझी उदबत्ती दिसायली?’

‘त्यो दिसावा म्हणूनच सांगायलोय.’

‘मंग आधी डोळे तपासा. तुमचे न्हाई, सरकारचे.’

उदबत्ती बंद झाली नाही. पण आई त्या दिवसापासून ती खिडकीबाहेर, भट्टीकडं तोंड करून लावायला लागली. कुणावर उपकार केल्यासारखी.

शेठविषयी मला वाईट लिहायचं तर पंचाईत आहे, कारण माणूस गोड होता. गल्लीतल्या लग्नाला मांडव त्याचा, मयतीला लाकडं त्याची. गल्लीतले दहा-बारा जण त्याच्याकडं कामाला. आणि दर शनिवारी त्याचा माणूस घरोघर गूळ वाटायचा. गुळानं छाती साफ होते, असा आमच्याकडं सगळ्यांचा समज आहे. गिरणीवाला, पिंजारी, सगळे खातात. शेठही मनापासून मानायचा. स्वतःही खायचा. फक्त त्याचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. लोक म्हणायचे, धूर देतो पण गूळबी देतो, दुसरा कोण देतंय.

काकांनी कधी गूळ खाल्ला नाही. एका शनिवारी त्यांनी तो खडा घेतला, आपल्या घराच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि मुंग्या लागू नयेत म्हणून भोवती हळदीचं रिंगण ओढलं. दोन दिवस, दोन रात्री तो तिथंच. तिसऱ्या सकाळी तो उचलला, आणि चौऱ्याण्णव पावलं चालून भट्टीच्या फाटकात गेले. मागून अर्धी गल्ली. शेठ नुकताच गाडीतून उतरत होता. काकांनी तळहातावरचा खडा पुढं केला. वरून काळा, बोट फिरवलं तिथं पिवळा.

‘शेठ, गुळानं छाती साफ होती म्हणता. आता याची छाती काळी झाली. याला काय खाऊ घालू?’

लोक हसले. शेठही हसला, त्याला हसावंच लागलं. पुढच्या शनिवारी गूळ आला तो प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. तक्रारीची दखल घेतली गेली म्हणायची.

त्या प्रकारानंतर मी काकांना नवा अर्ज लिहून दिला. चार पानं. शिशाच्या भट्टीच्या धुरात नुसतं शिसं नसतं, आर्सेनिक असतं, कॅडमियम असतं, श्वासातून वर्षानुवर्षं आत गेलं तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे सगळं नीट, पुस्तकातून. माझ्या अक्षराचा मला अभिमान होता. काकांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, ‘लय भारी. पण यात माणूस कुठं हाय?’ मी म्हटलं, वहीतली नावं घाला की. ते म्हणाले, ‘ती बाद हायती.’ अर्ज गेला, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून जातोच आहे.

या सगळ्यात आईची मिश्री चालूच होती. डबी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. काका पहाटे मोजायला बाहेर पडले की आई मिश्री लावायची, ते परत यायच्या आत चूळ भरायची. चौऱ्याण्णव जायला, चौऱ्याण्णव यायला. ती म्हणायची, ‘त्यांचं पाऊल सरकारी हाय, मला टाइम बरोबर कळतो.’

बीएस्सी झाल्यावर मला सरकारी दवाखान्यात काम मिळालं. कंत्राटी, पण खुर्ची, खिडकी आणि कॉम्प्युटर. येणाऱ्या पेशंटची नोंदणी करायची. काका पहिल्याच आठवड्यात बघायला आले. खिडकीपाशी येऊन आधी आकडा सांगितला, घरापासून खुर्चीपर्यंतचा. मग म्हणाले, ‘बीएस्सी, दाव काय काय इचारतात.’ ते मला नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. मला ते आवडायचं. शेजारच्या माणसाला ऐकू जायचं.

मी रकाने दाखवले. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, व्यसन. व्यसनाचा रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढं जातच नाही. होय किंवा नाही.

‘आन् भट्टीचा?’

‘तसा रकाना नाही, काका.’

‘माणूस कुठला धूर घेतो, ते कुठं लिहायचं?’

‘कुठंच नाही. पत्ता असतो फक्त.’

‘पत्त्यात किती अक्षरं बसतात?’

मी म्हटलं, बरीच. ते ‘हं’ म्हणाले आणि मोजत परत गेले.

दोन वर्षं अशीच गेली. मग एका सकाळी ओट्यावरून आवाज आला, ‘एकशे दोन.’ आम्ही दोघी दारात आलो. काका परत फाटकापर्यंत गेले, परत आले. ‘एकशे तीन.’ त्यांना राग आला. कुणीतरी उंबरा हलवला असावा असा त्यांचा पहिला संशय आमच्यावर. महिनाभरात एकशे अठरा झाले. गल्लीला मोठी करमणूक झाली. बिडीवाले म्हणाले, काका, अभिनंदन, शेठनं भट्टी लांब नेली, तुमच्या अर्जाला यश आलं. काकांनाही ते थोडं पटलेलं होतं. त्यांना सगळं पटायचं, फक्त आपलं पाऊल आखूड होईल हे पटायचं नाही. आई आधी हसली. मग एका सकाळी तिनं बघितलं, की ते पन्नासाव्या पावलाला खांबाला धरून उभे आहेत आणि ओठ हलतायत पण आकडा निघत नाही. ती आत आली आणि मला म्हणाली, ‘आज कामावर जाताना यांना घिऊन जा.’

दवाखान्यात तेव्हा एक नवीन डॉक्टर मॅडम होत्या. वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि तो उजेडासमोर धरला. मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल म्हणाल्या. तुकडा काढून तपासतील, पण तयारी ठेवा. आम्हाला दोघांना कळलं.

आता मी जे सांगणार ते कुणाला खरं वाटणार नाही. काकांचा चेहरा उजळला. बाहेर बाकावर बसल्यावर माझा हात धरून म्हणाले, ‘सायबांनी एक माणूस मागितला होता. घावला.’ मला रडू येत होतं, आणि हा माणूस निकाल लागल्यासारखा खूश. बिडी नाही, मिश्री नाही, भट्टीपासून चौऱ्याण्णव पावलांवर, आणि वर रिटायर सरकारी नोकर. याच्यापेक्षा चांगला साक्षीदार साहेबांना कुठं मिळणार होता?

मोठ्या दवाखान्याचा फॉर्म माझ्याच खिडकीवर भरायचा होता. मी टायपत गेले. नाव. वय. व्यसनाच्या रकान्यावर आल्यावर विचारलंसुद्धा नाही. ‘नाही’वर बोट ठेवलं.

‘थांब.’

मी थांबले. ते खिडकीच्या कट्ट्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. मागं रांग होती.

‘बावीस वर्षं बिडी ओढली मी. मोजणीत सगळेच ओढायचे. शिवारात बी ओढली, घरात बी. ती सैपाक करायची, मी बाजूला बसून ओढायचो. ती खोकायला लागली तवा सोडली.’

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. ते गल्लीत राहायला आले ते रिटायर होऊन, बिडी सोडूनच. मी हळूच म्हटलं, ‘काका, कुणाला कळणार नाही. नाही लिहिते.’

‘बांध सरकव म्हणतीस?’

मी ‘नाही’वरचं बोट उचललं. रांगेतल्या एका बाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. काका खाली बघत बोलत होते, अगदी कमी आवाजात.

‘तिला मारणारी भट्टीच निघाली पायजे गं बीएस्सी. न्हाई तर मंग मीच निघतो.’

एवढी वर्षं मी त्यांची थट्टा करत होते, गल्ली करत होती, आणि ते वही, हळदीचं रिंगण, गुरुजींचा खोकला, सगळं कशासाठी चाललं होतं ते मला त्या खिडकीत कळलं. बायको कुणाच्या धुरानं गेली, एवढीच मोजणी होती ती. आणि मोजणारा स्वतः बांधावर उभा होता.

डॉक्टर मॅडम कागदावर सही करायला आल्या, तेव्हा काकांनी सरळ त्यांनाच विचारलं, ‘मॅडम, भट्टी का बिडी?’

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. ‘एका माणसाच्या बाबतीत बोट ठेवून सांगता येत नाही, काका. पण “का” कशाला? दोन्ही असतं. बिडीनं धोका वाढतो, अशा धुरानंही वाढतो, आणि दोन्ही मिळाली तर आणखी वाढतो. बिडी ओढली म्हणून भट्टी सुटत नाही.’

‘म्हंजे बिडीवाला बाद न्हाई?’

‘बाद कसा? उलट त्याला जास्त धोका.’

काकांनी डोळे मिटले. मला वाटतं ते वही आठवत होते, वरून खालपर्यंत. सगळ्यात वरचं नावही. मग त्यांनी कट्ट्यावर बोट आपटलं, जसं मोजणीत खुंटी ठोकतात.

‘लिही. बिडी होय. बावीस वर्षं. आन् पत्ता नीट लिही. भट्टीच्या फाटकापासून...’

‘आज किती भरली?’

‘आजची नगं. आजचं पाऊल माझं हाय. जुनं लिही, सरकारी. चौऱ्याण्णव.’

मी लिहिलं. घर नंबर, गल्ली, शिशाच्या भट्टीच्या फाटकापासून चौऱ्याण्णव पावलं. सगळी अक्षरं बसली.

ते पाच महिने जगले. शेवटी शेवटी फाटकापर्यंत जायचे नाहीत, ओट्यावर बसून दुसऱ्यांना चालायला लावायचे आणि त्यांचं पाऊल कसं बिनभरवशाचं आहे ते सांगायचे. वही त्यांनी माझ्याकडं दिली. त्यात प्रत्येक ‘बाद’वर रेघ मारलेली होती, पट्टी लावून. म्हाताऱ्याची जी सून थुंकायची, तिच्या घरी ते एकदा धापा टाकत जाऊन आले. काय बोलले माहीत नाही. मात्र मयतीला ती सून सगळ्यात आधी आली.

शेठही आला. सोबत दहाव्याच्या जेवणासाठी गुळाची अख्खी ढेप. रडला, आणि खोटा रडला नाही. आईनं ती ढेप दोन्ही हातांनी घेतली, वरचं प्लास्टिक फाडलं, आणि नेऊन भिंतीवर ठेवली, जिथं पूर्वी तो खडा होता तिथं. हळदीचं रिंगण काढलं. शेठला म्हणाली, ‘राहू द्या दोन दिस. मग सगळ्यांना दाखवून वाटू.’ शेठनं ती संध्याकाळीच माणूस पाठवून परत नेली.

त्यानंतरच्या सोमवारी मी खिडकीत बसले होते. वर बघितलं तर रांगेत आई, तिच्यामागं ती सून, तिच्यामागं गल्लीतल्या सात-आठ बायका, आणि शेवटी तोंड लपवून कोपऱ्यावरचे गुरुजी. डॉक्टर मॅडमनी छाती तपासायला बोलावलं होतं, पण एवढे जण येतील असं त्यांनाही वाटलं नव्हतं. आईनं खिडकीच्या आत तोंड घातलं.

‘मिश्री: होय लिही. लपवू नको. पिठाच्या डब्यात ठिवते तेबी लिही.’

‘ते लिहायला जागा नाही, आई.’

‘मंग पावलं लिही. एकशे अकरा.’

‘चौऱ्याण्णव ना?’

‘ती त्यांची. मी सकाळी सोता चालून आलेय. माझे पाय बारके हायती.’

सगळ्याच चालून आल्या होत्या. एकशे सात, एकशे बावीस, शहाऐंशी. शहाऐंशी गुरुजींचे, त्यांच्या टांगा लांब. मी प्रत्येकाचं जसं सांगितलं तसं पत्त्यात घातलं. तेव्हापासून त्या बाजूचा कुणीही आला की मी विचारते, आणि लोक आता मोजूनच येतात.

मागच्या महिन्यात वरच्या ऑफिसातून एका साहेबांचा फोन आला. वैतागलेले होते. नोंदी तपासताना त्यांना एकाच गल्लीचे तीस-चाळीस पत्ते सापडले होते, प्रत्येकात भट्टी आणि प्रत्येकात अंतर वेगळं. हा काय पोरखेळ आहे, म्हणाले. माझं शिक्षण विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, ‘यातलं बरोबर अंतर कुठलं?’

मी म्हटलं, ‘साहेब, ज्याला पटत नाही त्यानं चालून बघावं.’

 मला वाटलं, नोकरी गेली. मग कागद चाळल्यासारखं ऐकू आलं, आणि त्यांनी विचारलं, ‘कुठून मोजायला सुरुवात करायची?’

‘भट्टीच्या फाटकापासून,’ मी म्हटलं. ‘आणि सकाळी सहाला या. अकराला नको.’